‘टू फाइन’ म्हणजे ‘लय भारी’ नव्हे

पत्र : सांगलीत हळद दळायच्या कारखान्यात मी ऑफिसचं काम बघतो. इंग्रजी पत्रव्यवहार माझ्याकडेच असतो. परदेशातल्या एका गिऱ्हाइकाला आम्ही पावडरीचे दोन नमुने पाठवले होते. ए म्हणजे 60 मेश आणि बी म्हणजे 80 मेश, म्हणजे त्याहून बारीक चाळणीचा. उत्तर आलं, ‘सॅम्पल ए इज फाइन. सॅम्पल बी इज टू फाइन फॉर अस.’ मालक म्हणतात, ए बरा आहे आणि बी लय भारी आहे, तेव्हा बी दळायला घ्या. मला शंका येते, पण छातीठोक सांगता येत नाही. मागे त्यांचा माणूस आला होता. चहा विचारला तर ‘आय ॲम फाइन’ म्हणाला. आम्ही चहा दिला, तो त्यानं तसाच ठेवला. आता घरी आठवीतल्या मुलीच्या वहीत ‘आय ॲम फायनर टुडे’ या वाक्याखाली लाल रेघ आली आहे. हा एवढासा शब्द किती ठिकाणी आडवा येणार? एकदा नीट समजावून सांगा.
– एक वाचक, सांगली

उत्तर :

आधी गिरणी थांबवा. तुमची शंका रास्त आहे आणि मालकांचा अर्थ चुकला आहे. ‘टू फाइन फॉर अस’ म्हणजे ‘आम्हाला हवी त्यापेक्षा जास्त बारीक’. ही नमुना बी ची तारीफ नाही, तो नाकारल्याचा निरोप आहे. दळलेली पावडर पुन्हा जाड करता येत नाही, म्हणून हे पहिल्याच ओळीत सांगितलं. बाकीचं सावकाश बघू.

घोटाळा ‘टू’पासून सुरू झाला. आपण ‘टू गुड’ हे शब्द कौतुकाचे म्हणून ऐकत आलो आहोत, त्यामुळे ‘टू’ म्हणजे ‘फारच’ असं मनात बसलं आहे. व्यवहाराच्या इंग्रजीत ‘टू’ म्हणजे प्रमाणाबाहेर. टू सॉल्टी म्हणजे खारट झालं, टू लेट म्हणजे वेळ टळून गेली. त्याच्यापुढे ‘फॉर अस’ आलं की शंकेला जागाच उरत नाही : आमच्या कामासाठी हे जास्त झालं. आता विचार करा, माल प्रमाणाबाहेर ‘चांगला’ आहे अशी तक्रार कोण करेल? प्रमाणाबाहेर बारीक असल्याची तक्रार मात्र गिऱ्हाईक नक्की करतं, आणि त्याला कारणं असतात. जितकं बारीक दळाल तितकी गिरणीत उष्णता वाढते आणि हळदीतलं उडून जाणारं तेल, म्हणजे तिचा वास, कमी होतो. कण लहान झाले की हवेला उघडा पडणारा भाग वाढतो. पावडर ओल लवकर धरते, पोत्यात तिच्या गुठळ्या होतात, मिसळताना धुरळा उडतो. आपल्याकडे यासाठी नेमका शब्द आहे, वस्त्रगाळ. औषधाची पूड वस्त्रगाळ असली तर छान, पण मसाल्यात मिसळायची हळद तशी असावीच असं नाही.

आता ए बद्दलचं वाक्य. ‘सॅम्पल ए इज फाइन’ म्हणजे ‘ए चालेल’. त्यात शाबासकीही नाही आणि नापसंतीही नाही. नमुना पसंतीच्या रेषेच्या आत आला, एवढंच. इंग्रज माणूस खरोखर खूश असला तर ‘एक्सलंट’ किंवा ‘व्हेरी गुड’ लिहितो. ‘द पॅकिंग इज फाइन’ असं आलं तर पॅकिंग बदलू नका, पण त्याची जाहिरातही करू नका.

म्हणजे एकाच उत्तरात, शेजारशेजारच्या दोन वाक्यांत एकच शब्द दोन अर्थांनी आला. एकीकडे ‘ठीक’ आणि दुसरीकडे ‘बारीक’. गिऱ्हाइकाच्या ते लक्षातही आलं नसेल, कारण त्याच्या कानाला हे दोन शब्द वेगळेच वाटतात. आपल्यालाही ‘बारीक’ हा शब्द असाच वळवता येतो. बारीक रवा, बारीक नजर, बारीक आवाज, ‘आजारपणानं बारीक झालाय’. कुणीही अडखळत नाही, कारण शेजारचा शब्द अर्थ ठरवून देतो. ‘फाइन’चंही तसंच आहे. नुसता ‘फाइन’ बघून अर्थ लावू नका. तो वाक्यात कुठे बसला आहे आणि त्याच्या शेजारी कोण आहे, हे आधी बघा.

जागा दोनच आहेत. ‘इज’, ‘ॲम’, ‘आर’ यांच्यानंतर एकटा बसला तर बहुतेक वेळा अर्थ आपल्या ‘बरं’चा. कसे आहात? बरं आहे. उद्या आलं तर? बरं. हा माल? बरा आहे, चालेल. तब्येत, होकार आणि पसंती या तिन्ही कामांना मराठीत ‘बरं’ जातं तसं इंग्रजीत ‘फाइन’ जातं. इतका जुळणारा जोड शब्दकोशातल्या ‘सुंदर, उत्कृष्ट’ या अर्थांत सापडत नाही, आणि शाळेत आपण तेच पाठ केलेले असतात.

नामाच्या आधी बसला तर ‘बरं’ सोडून द्या. नाम माणसाचं किंवा कौशल्याचं असेल तर अर्थ ‘उत्तम’ : अ फाइन सिंगर, अ फाइन पीस ऑफ वर्क. नाम पदार्थाचं असेल तर ‘बारीक’, ‘तलम’ : फाइन पावडर, फाइन सँड, फाइन थ्रेड. म्हणून ‘युवर वर्क इज फाइन’ आणि ‘धिस इज फाइन वर्क’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यात काम चालून गेलं आणि दुसऱ्यात कारागिराची पाठ थोपटली. हाताखालच्या माणसाचं मनापासून कौतुक करायचं असेल तर पहिलं वाक्य लिहू नका. वाचणारा हिरमुसतो.

एक अडचण तुमच्याच धंद्यात येते. ‘इज’नंतर बसला तरी पदार्थाबद्दल बोलताना अर्थ ‘बारीक’ असू शकतो, जसा बी च्या वाक्यात आहे. तिथे सोबतचे शब्द कामी येतात. टू, व्हेरी, इनफ, ‘ॲज फाइन ॲज’, किंवा खुद्द ‘फायनर’ आलं तर तिथे मोजमाप चाललं आहे असं समजा. बारीकपणा मोजता येतो, कमीजास्त होतो. ‘चालेल’ हे मोजता येत नाही. एक तर चालतं, नाही तर चालत नाही. म्हणून त्या अर्थासोबत पर्फेक्टली, ॲब्सोल्यूटली, जस्ट असे शब्द येतात. ‘इट इज पर्फेक्टली फाइन’ म्हणजे अगदी बिनधास्त चालेल. ‘इट इज व्हेरी फाइन’ हे पावडरीबद्दल लिहिलं असेल तर ती फार बारीक आहे, दुसरं काही नाही.

नकारात तर हमखास घसरायला होतं. माल पसंत नाही म्हणून ‘द सॅम्पल इज नॉट फाइन’ लिहिलंत, तर समोरचा गोंधळेल : जाड आहे म्हणतात की वाईट आहे म्हणतात? जाड असेल तर ‘नॉट फाइन इनफ’ लिहा. पसंत नसेल तर ‘नॉट ॲक्सेप्टेबल’ लिहा.

तुमच्या गिऱ्हाइकाला आज जे पत्र जायला हवं त्यात ‘फाइन’ हा शब्द एकटा नकोच. शब्दाच्या जागी आकडा घाला. मेश म्हणजे चाळणीच्या जाळीत एका इंचाला किती भोकं आहेत तो आकडा. इंचात 60 भोकं बसवली की तारेची जाडी वजा जाता एका भोकाची रुंदी साधारण 250 मायक्रॉन, म्हणजे पाव मिलिमीटर उरते. 80 मेशला ती 180 मायक्रॉनवर येते आणि 40 मेशला 425 च्या आसपास असते. आकडा चढला की कण उतरतो. ‘60 मेश’ एवढंच लिहून भागत नाही, कारण सगळा माल त्या जाळीतून पडला पाहिजे की थोडा वर राहिला तरी चालेल, हे त्यात येत नाही. टक्का लिहावा लागतो. मसुदा असा ठेवा :

‘थँक यू फॉर युवर रिप्लाय. प्लीज कन्फर्म दॅट सॅम्पल ए इज ॲप्रूव्ह्ड : 60 मेश, मिनिमम 95 पर्सेंट पासिंग. वुई अंडरस्टँड दॅट सॅम्पल बी, 80 मेश, इज फायनर दॅन यू नीड. वुई विल स्टार्ट ग्राइंडिंग आफ्टर युवर कन्फर्मेशन.’

95 हा आकडा इथे नमुन्यादाखल आहे. ए चा नमुना तुमच्याच चाळणीवर चाळून जो टक्का येईल तो लिहा. 100 ग्रॅम घ्या, चाळा, वर राहिलेलं वजन करा. 4 ग्रॅम राहिलं तर 96 टक्के पास झालं. ‘ॲप्रूव्ह्ड’ हा शब्द मुद्दाम घातला आहे. ‘फाइन’ला उद्या कुणी ‘आम्ही नुसतं बरं म्हटलं होतं’ असं म्हणू शकतं. ‘ॲप्रूव्ह्ड’ला तसं म्हणता येत नाही.

एका शब्दात ‘उत्तम’ही, ‘बारीक’ही आणि ‘ठीक’ही कसं राहतं, हे कळलं तर घोकंपट्टी करावी लागत नाही. मूळ लॅटिन ‘फिनिस’, म्हणजे शेवट, हद्द. तो फ्रेंचमधून इंग्रजीत आला तेव्हा त्याचा अर्थ झाला ‘शेवटापर्यंत नेलेलं’, ज्यात आता करायचं काही राहिलं नाही असं. सूत ओढून ओढून शेवटापर्यंत नेलं की तलम होतं. धातू गाळून गाळून शेवटापर्यंत नेला की चोख होतो. काम शेवटापर्यंत नेलं की उत्तम होतं. तिथून झिजत झिजत ‘काही उणं नाही’, मग ‘काही तक्रार नाही’, आणि अखेर आपलं ‘बरं’. ‘फिनिश’ आणि ‘रिफाइंड’ तेलातलं ‘फाइन’ याच घरचे. दंडाला ‘फाइन’ म्हणतात तोही इथलाच. तंटा संपवण्यासाठी भरायची शेवटची रक्कम, असा त्याचा जुना अर्थ. फक्त तो नाम आहे, विशेषण नाही, तेव्हा त्याला इथेच सोडू.

धातूचा अर्थ बघायला विट्याकडे जा. खानापूर, आटपाडीकडची गलाईवाली मंडळी देशभर सोनं-चांदी गाळतात, आणि त्यांच्या तोंडी ‘फाइन’ रोज असतं. तिथे तो ना ‘बरा’, ना ‘बारीक’. तिथे फाइन म्हणजे निव्वळ, भेसळ वजा जाता उरलेलं. 58 ग्रॅमचा दागिना 916 चा, म्हणजे हजारात 916 भाग शुद्ध सोन्याचा असेल तर 58 गुणिले 0.916, म्हणजे 53.128 ग्रॅम फाइन. मुशीतून निघालेल्या लगडीचं वजन आणि तिचं ‘फाइन’ हे दोन वेगळे आकडे असतात, आणि पैसे दुसऱ्या आकड्यावर ठरतात. परदेशी कागदावर ‘फाइन औंस’ दिसला तर तो 31.1 ग्रॅम शुद्ध धातू आहे, ‘छान औंस’ नव्हे. मूळ अर्थ जिवंत बघायचा असेल तर याहून चांगली जागा नाही.

मिरजेत तो दोन ठिकाणी भेटतो. दवाखान्यातल्या चिठ्ठीवर ‘फाइन नीडल’ची तपासणी लिहिलेली असते. गाठीतल्या पेशी काढून बघायची ती तपासणी. त्यातलं ‘फाइन’ हे बारीक सुईचं. ती सुई साधारण 22 ते 25 गेजची असते, म्हणजे अर्ध्या ते पाऊण मिलिमीटरच्या आतली, रक्त काढायच्या सुईइतकी किंवा तिच्याहून बारीक. घाबरलेल्या माणसाला हे ‘फाइन’ उलगडून सांगितलं तर त्याचा जीव भांड्यात पडतो. इथेही मेशसारखंच आहे, गेजचा आकडा वाढला की सुई बारीक.

दुसरी जागा तंबोऱ्याची. ‘फाइन ट्यूनिंग’ हा शब्द आता मोबाइलपासून मोटारीपर्यंत सगळीकडे वापरतात, पण त्याचा अर्थ तंबोऱ्यावर डोळ्यांना दिसतो. आधी वरची खुंटी पिळून तार स्वराच्या जवळ आणायची. खुंटी केसभर फिरली तरी स्वर पुढे उडी मारतो, त्यामुळे तिनं नेमका सूर सापडत नाही. मग तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीच्या खालच्या बाजूला तारेत ओवलेला मणी बोटानं किंचित सरकवायचा. मणी खाली गेला की तार ताणली जाते आणि स्वर कणभर चढतो. खुंटीचं काम ढोबळ, मण्याचं काम ‘फाइन’. इथे बारीक आणि नेमकं हे दोन्ही अर्थ एका जागी येतात. ‘अ फाइन डिफरन्स’ म्हणजे असाच मण्याएवढा फरक. त्याला ‘चांगला फरक’ समजू नका.

हवामानात मात्र जपून. इंग्लंडातल्या गिऱ्हाइकानं ‘द वेदर हॅज बीन फाइन’ लिहिलं तर तिकडे उघडीप आहे, ऊन पडलं आहे. ‘फाइन रेन’ लिहिलं तर भुरभुर चालू आहे. एकात पाऊस नाही, दुसऱ्यात बारीक पाऊस आहे. ‘फाइन प्रिंट’ म्हणजे कराराच्या तळाशी बारीक अक्षरात छापलेल्या अटी. ‘फाइन आर्ट्स’साठी आपला ‘ललित कला’ हा शब्द चोख आहे, औंधच्या संग्रहालयातल्या चित्रांसारखा ऐवज त्यात येतो. ‘फाइनली’ हा शब्द ‘छानपैकी’ या अर्थानं लिहू नका. ‘फाइनली चॉप्ड’ म्हणजे बारीक चिरलेलं. यंत्र व्यवस्थित चालतं हे सांगायचं तर ‘द मशीन वर्क्स फाइन’, तिथे ‘ली’ लागत नाही.

चहाचं म्हणाल तर तुमच्या पाहुण्यानं स्वच्छ ‘नको’ म्हटलं होतं. काही देऊ का, या प्रश्नाला ‘आय ॲम फाइन, थँक्स’ हे उत्तर आलं की ‘मी आहे तसा बरा आहे, काही नको’ असा अर्थ घ्यायचा. ‘आय ॲम गुड’ही तसंच. आपल्याकडे पहिलं ‘नको’ हे ‘नको’ नसतं. ‘घ्या की ओ, अर्धा कप’ म्हटल्याशिवाय पाहुणा हात पुढे करत नाही, आणि एकदाच विचारून थांबलो तर आपल्यालाच अवघड वाटतं. त्यांच्याकडे बहुतेक वेळा पहिलं ‘नको’ खरं असतं. एकदा ‘आर यू शुअर?’ विचारा. पुन्हा तेच म्हणाला तर पाण्याचा ग्लास ठेवून कामाचं बोला. तुमचा आग्रह प्रेमाचा होता, त्यात चूक काही नाही, पण भरलेला कप समोर ठेवला की तो न पिणाऱ्यालाही ओशाळं वाटतं.

तुम्ही स्वतः ‘फाइन’ लिहाल तेव्हा त्याला एकटं सोडू नका. मेसेजला नुसतं ‘फाइन.’ असं पूर्णविराम देऊन पाठवलं तर ते वैतागलेलं वाटतं. ‘बरं!’ म्हणून कुणी विषय तोडला की कसं लागतं, तसं. दोन शब्द जोडले की धार जाते : ‘दॅट इज फाइन, थँक यू’, ‘ट्यूसडे इज फाइन विथ मी’. बोलताना ‘फ’ ओठ मिटून म्हणू नका. वरचे दात खालच्या ओठाला टेकवून हवा सोडा. तो ‘फळ’मधला फ नाही.

राहिली मुलीची वही. लाल रेघ बरोबर आहे, पण तिला कारण सांगितलं नसेल तर ती ‘फायनर’ शब्दच चुकीचा समजेल. शब्द खरा आहे, जागा चुकली. पीठ फायनर असतं, सूत फायनर असतं. तब्येतीचं ‘फाइन’ हे ‘चालेल’च्या घरचं, त्याला कमीजास्त नाही. कालपेक्षा आज बरं वाटतंय हे सांगायला इंग्रजीत ‘बेटर’ आहे. ‘आय ॲम व्हेरी फाइन’ही याच कारणानं टाळायचं, त्याऐवजी ‘आय ॲम व्हेरी वेल’. तिच्याकडून तीन वाक्यं लिहून घ्या : ‘आय वॉज इल यस्टरडे. आय ॲम बेटर टुडे. धिस फ्लावर इज फायनर दॅन दॅट वन.’ तिसरं लिहिताना घरातला मैदा आणि गव्हाचं पीठ चिमूटचिमूट तिच्या बोटांत द्या. आणि त्या ‘फ्लावर’चं स्पेलिंग पिठाचं आहे का फुलाचं, तेही बघून घ्या.